काळ्या दगडांचे कूळ

एका राज्यात अरिमर्दन नावाचा राजा होता. डोंगराच्या पोटात त्याला जळणारे काळे दगड गवसले. राजाने अहोरात्र भट्ट्या पेटवल्या. त्या ठेव्याचा राखणदार होता मांत्रिक कालकेतू. त्याने शाप दिला, 'या राज्याला धुरापलीकडचा सूर्य दिसणार नाही.' तेव्हापासून शेतातली कणसे पोचट निघू लागली.

राजकन्या सुलक्षणा उःशाप मागायला डोंगरात गेली.

मांत्रिक म्हणाला, "तीन कामे कर. चुकलीस तर इथेच दगड होऊन राहशील."

पहिले काम होते काळ्या दगडाचे कूळ शोधण्याचे. वाटेत भारद्वाज पक्षी भेटला. त्याच्या सांगण्यावरून तिने दगड थराथराने फोडला. आत नेच्याच्या पानाचा ठसा होता. पक्ष्याने सांगितले, की कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे दलदलीचे रान होते. झाडे पडली ती पुरती कुजण्याआधीच गाळाखाली गाडली गेली. वर थरांवर थर चढले, आणि त्या भाराने नि उष्णतेने रानाचा कोळसा झाला.

दुसरे काम होते डोंगरातल्या एका डोहात साचलेल्या काळ्या तेलाचे कूळ शोधण्याचे. पक्ष्याने पंखाने डोह ढवळला, तसा त्यात जुना समुद्र दिसू लागला. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव मरून तळाशी साचत होते, गाळाखाली दबून त्यांचे तेल होत होते.

तिसरे काम मूठभर कोळसा नव्याने घडवण्याचे. सुलक्षणेने पाने चिखलात पुरली, वर शिळा रचल्या आणि वर्षभर राखण केली. उकरले तेव्हा हाती ओला चिखल आला. खाणीतला एक खडा उचलून नेणे सोपे होते. तिचा हात तिकडे गेलाही. मग तिने तो मागे घेतला आणि चिखलच मुठीत धरून मांत्रिकापुढे उभी राहिली.

"माझ्याने झाले नाही. याला कोट्यवधी वर्षे लागतात. माझ्यापाशी एकच आयुष्य आहे."

कालकेतूने तिच्या मुठीतला चिखल निरखून पाहिला. मग म्हणाला, "एवढे तुझ्या पित्याला उमगले असते, तर मी शाप दिला नसता. जा, तू मुक्त आहेस. भट्ट्या विझतील तेव्हा शापही सुटेल."

परत आलेल्या मुलीचे बोलणे ऐकून राजाने स्वतः भट्ट्या विझवल्या. टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या केल्या. वाऱ्यावर धान्य दळले जाऊ लागले, विहिरींचे पाणी वर येऊ लागले. नवव्या दिवशी आकाश निवळले आणि लोक उन्हात येऊन नुसते उभे राहिले.

त्या साली ज्वारी दाण्यांनी वाकली. राजा आणि राजकन्या बांधावर बसून प्रजेबरोबर हुरडा खात होते.