मालकांसाठी एक खिळा

"...तुम्हीच सांगता ना बुवा, देह हे भाड्याचं घर म्हणून? मालक म्हणेल तेव्हा मुकाट निघायचं?"

भानुबुवांनी मान हलवली. ते देवळाच्या ओवरीत बसले होते. समोर दिगंबर शेटे. गावात त्यांची भाड्याच्या खोल्यांची लांबलचक चाळ होती आणि बुवांचं प्रवचन ते कधी चुकवत नसत. ते ऐकून बाकीचे लोक भाडेकरू होऊन घरी जायचे. शेटे मालक होऊन जायचे.

"मग मी तिला नीघ म्हटलं, तर माझं काय चुकलं?"

ती म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतली पारूबाई. तिचा नवरा सूतगिरणीत कामाला होता. नुकताच गेला. आज त्याचं तेरावं.

शेट्यांचा नियम साऱ्या गावाला माहीत होता. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यांच्या चाळीत कॅलेंडरंसुद्धा खिडकीच्या गजांना लटकायची. पारूबाईनं नवऱ्याच्या फोटोसाठी खिळा ठोकला. शेट्यांनी तो सकाळी उपटला, भोक पांढऱ्या सिमेंटनं बुजवलं आणि तेरावं उरकलं की खोली रिकामी कर म्हणून सांगितलं.

"वर मला म्हणते, मालकांसाठी ठोकलाय." शेटे हसले. "म्हटलं, बाई, मालक तर मी."

आमच्याकडच्या बायका नवऱ्याला मालक म्हणतात. शेट्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण विनोद झाला होता आणि तो त्यांना आवडला होता.

बुवा हसले नाहीत.

"फोटो कुठंय आता?"

"आहे की. खाली, भिंतीला टेकवून."

...

बुवा उठले. कित्येक वर्षांत त्यांनी कुणाचा उंबरा ओलांडला नव्हता. भिक्षासुद्धा ते दाराबाहेरूनच घेत. शेटे आणि ओवरीत बसलेले आम्ही चार-पाच जण त्यांच्या मागून निघालो.

खोलीत सामानाची गाठोडी बांधून झाली होती. फोटो स्टोव्हच्या शेजारी जमिनीवर होता. पारूबाई लगबगीनं बाजूला सरली.

बुवांनी फोटो उचलला, उपरण्यानं पुसला. भिंतीवर सिमेंटचा ओला ठिपका होता. तिथं त्यांनी फोटो तळहातानं दाबून धरला आणि उभे राहिले.

"घाला हार," ते पारूबाईला म्हणाले.

तिनं हार घातला. गंध लावलं, निरांजन ओवाळलं, नैवेद्याचं ताट ठेवलं. मग ती खाली बसली आणि फोटोकडे बघून रडू लागली. इतके दिवस ती रडली नव्हती, असं शेजारणी मागाहून सांगत होत्या.

...

बुवांचं वय ऐंशीच्या पुढचं. वर धरलेला हात काडीसारखा, पण हलत नव्हता. डोळे मिटलेले. दारात गर्दी झाली होती. इतकी वर्षं देवळात जाऊन जे कधी वाटलं नाही, ते त्या खोलीत वाटलं. मी नकळत हात जोडले.

शेट्यांची चुळबुळ सुरू झाली.

"बुवा, हात खाली घ्या. दुखेल."

"मालकांना विचार."

शेट्यांनी तोंड उघडलं. 'मी' हा शब्द ओठांवर आलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. पण समोर फोटोतला माणूस होता आणि बुवांचा हात होता. शब्द तिथंच राहिला.

...

शेटे बाहेर गेले. परत आले तेव्हा हातात हातोडी होती आणि एक खिळा. जन्मात कधी ठोकलेला नव्हता, त्यामुळे पहिला घाव स्वतःच्याच बोटावर बसला. पुढच्या घावाला गिलाव्याचा पोपडा निघाला. मग खिळा आत गेला.

बुवांनी फोटो अडकवला आणि मगच हात खाली घेतला.

"गाठोडी सोडा, ताई," शेटे तिच्याकडे न बघता म्हणाले. "राहा इथंच."

बोट चोखत त्यांनी भिंतीकडे बघितलं.

"बुवा... भोक पडलं की हो."

"पडलं," बुवा म्हणाले. "तिच्या मालकांसाठी पाडलंस. आता ती भिंत तुझी झाली."