मुके वाचक

"वाचकांना शिक्षा करता येते का हो, गुरुजी?"

पडवीत पावटे सोलत बसलेल्या भाटकर गुरुजींनी मान वर केली. गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून त्यांनी उभा जन्म काढलेला. समोर शर्वरी उभी होती. त्यांच्याच हाताखाली शिकली, आता त्यांच्या जागी बसते. चेहरा लालबुंद झालेला.

"कसली शिक्षा?"

"कसलीही. दंड करा, नावं कापा."

गुरुजींनी मूठभर शेंगा तिच्यापुढे सरकवल्या. तिने हात लावला नाही. संतापाने तिला बसवतही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो संताप काही खोटा नव्हता. वाचनालयाचा हॉल कार्यकारिणी एका क्लासवाल्याच्या घशात घालायला निघाली होती. तुमचे वाचक आहेत कुठे, हा त्यांचा एकच धोशा.

"मी काय कमी केलं सांगा. फेसबुकवर पान काढलं, नव्या पुस्तकांचे फोटो टाकले, वाचकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. तुम्ही दारातल्या फळ्यावर खडूने लिहायचात. मी वाचनालय लोकांच्या खिशात नेऊन ठेवलं."

"ठेवलंस खरं."

"सोमवारी ग्रुपवर विचारलं, हॉल वाचवायचा का? तिथेच नुसतं 'हो' लिहा, उत्तरं मी कार्यकारिणीपुढे ठेवते. चारशे माणसं आहेत. सगळ्यांनी वाचलं, आणि एकानेही उत्तर दिलं नाही. एवढी कसली मिजास?"

गुरुजी सोलत राहिले...

"तुम्हीही आहात त्या ग्रुपवर. तुम्हीसुद्धा गप्प. ते मला जास्त लागलं."

"लागणारच."

"उद्या बैठक आहे. मीच सांगून टाकते, द्या तो हॉल. या गावाला वाचनालय नकोच आहे."

कोनाड्यातला आपला फोन गुरुजींनी काढला, ग्रुप उघडला आणि तिच्यापुढे धरला.

"माझं 'हो' तू लिही. माझी बोटं चिकट झालीत."

शर्वरीने फोन जवळजवळ ओढूनच घेतला. बोट खाली नेलं... वर नेलं... पुन्हा खाली.

लिहायची चौकटच नव्हती. तिच्या जागी एक ओळ होती : फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात.

संक्रांतीला तिळगुळाच्या चित्रांनी ग्रुप भरून गेला, तेव्हा वैतागून शर्वरीनेच तो वाचकांना लिहायला बंद केला होता. पुढे साफ विसरून गेली होती.

"गुरुजी... इथे लिहायला जागाच नाही."

"नीट बघ. मीही सोमवारपासून शोधतोय."