राहीचे तळहात

बसा, दम घ्या. लेणी कुठं पळून जात नाहीत. इथून पुढं कड्याच्या पोटातून जी आडवी वाट जाते ती थेट त्यांच्या तोंडाशी पोचते. पण त्या वाटेच्या वर, डोक्यावर काय आहे ते आधी बघा. कड्याला घोंगड्या वाळत घातल्यासारख्या दिसतात ना, ती आग्या मोहोळाची पोळी आहेत. एकेका पोळ्यावर हजारोंनी माश्या. म्हणून इथं घटकाभर बसल्याशिवाय पुढं कुणी जात नाही. शहरातले पाहुणे नाहीत, आणि आमच्या वाडीतले तर नाहीतच.

मी ठमाबाई. सुनेचं म्हणणं, सासूनं आता घरी बसून नातवंडं सांभाळावीत. पण घरी माझं कुणी ऐकत नाही, इथं तुम्हाला ऐकावंच लागतं. फोन बंद करा आणि आवाज खाली ठेवा. निळ्या शर्टातले दादा, ती गाडीची किल्ली खिशात घाला. इथं कुणी चोरत नाही.

आता हा धोंडा बघा. मधे बसून बसून गुळगुळीत झालाय, आणि दोन्ही अंगांना दोन खळगे आहेत. बाईमाणसाचा हात उताणा ठेवला तर बरोबर मावेल एवढे. आत पाणी आहे ते सकाळी मीच घातलं. काठावर माश्या बसून पितायत, त्यांना पिऊ द्या. या खळग्यांना आम्ही राहीचे तळहात म्हणतो. का म्हणतो ते ऐका, तोवर तुमचा श्वासही खाली बसेल.

लेण्यांत भिक्खू राहत होते त्या काळातली ही हकिकत. मिठाचे बैल घाट चढून वर यायचे, आणि आमच्या वाडीतली माणसं मध काढून त्याच्या बदल्यात मीठ घ्यायची. राही त्यांच्यातलीच. कड्यावरून वेलांचा दोर सोडायचा, हातात पेटती चूड घ्यायची, खाली उतरायचं आणि पोळंच्या पोळं जाळून मध काढायचा, अशी तेव्हाची रीत. जळालेल्या माश्यांचा खाली सडा पडायचा म्हणे. राहीसारखा मध कुणाला काढता यायचा नाही, आणि राहीसारखा राग कुणाला यायचा नाही. लोक तिला माघारी आग्याच म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची? सासू म्हणायची, "स्वभावाला औषध नाही." राहीसुद्धा तेच म्हणायची, आणि जरा तोऱ्यातच म्हणायची.

तिचा बाप याच कड्यावरून पडून गेला होता. मध काढायला उतरला तेव्हा वरून दोर धरला होता राहीनं. पोरवयच होतं तिचं. दोर निसटला आणि तळहातांची सालटी काढत काढत निघून गेला. बाप गेला, हातांवर व्रण राहिले. त्यानंतर राहीनं आपले तळहात कुणाला दाखवले नाहीत, असं सांगतात. बसताना, चालताना, झोपेतसुद्धा मुठी मिटलेल्या. लोकांना वाटायचं, रागानं मिटल्यात. तिलाही तसंच वाटायचं.

राहीला एक मुलगी होती, सई. नवरा बैलांबरोबर मिठाला गेलेला, घरी या दोघी आणि सासू. एका वैशाखात राही दोरावर लोंबकळत असताना सई कड्याच्या टोकाशी आली आणि आईला बघायला खाली वाकली. राहीनं वर पाहिलं आणि अशी किंचाळली की खाली वाडीत ऐकू गेलं. तशीच धुमसत वर चढून आली आणि हातातली चूड तिनं पोरीच्या अंगावर भिरकावली. लागली नाही, देवाची कृपा. पण केसांची टोकं करपली. सई रडली नाही, एक शब्द बोलली नाही. ती उठली, या आडव्या वाटेनं लेण्यांकडे चालत गेली आणि परत आलीच नाही.

लेण्यांत तेव्हा एकच भिक्खू होते. पाऊस संपल्यावर बाकीचे गावोगाव फिरायला निघून गेलेले, हे वयानं थकलेले म्हणून मागं राहिलेले. त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही, आम्ही भिक्खूबाबा म्हणतो. त्यांनी पोरीला पाणी दिलं, सावलीला जागा दिली, आणि काही विचारलं नाही.

सासू भाकरी घेऊन वर गेली. माश्यांनी म्हातारीला काही केलं नाही. पण ती नातीला ओढायला लागली तशी नातीनं लेण्याच्या खांबाला मिठी मारली. म्हातारी परतली आणि सुनेला म्हणाली, "पोरीची वाचा गेली गं राही. आता तूच जा."

राही निघाली. इथून पुढं पाऊल टाकलं आणि माश्या उठल्या. केसांत धूर, अंगात घाई, तोंडात पोरीच्या नावाच्या हाका. माश्यांनी तिला खालच्या ओढ्यापर्यंत पिटाळलं. पुन्हा आली, पुन्हा तेच. मग घोंगडं पांघरून आली, तरी तेच. सगळी वाडी त्या वाटेनं जात-येत होती, आणि आईला तेवढी वाट बंद. वर दिवस थोडे राहिलेले. पाऊस लागला की या वाटेवर कड्यावरून पाण्याचे लोट कोसळतात, मग दिवाळीपर्यंत माणूस जात नाही. पोर आणि म्हातारे भिक्खू तिकडे अडकले तर खाणार काय? आणि राहीच्या पोटात आणखी एक भीती होती. ती तिनं कुणाला सांगितली नाही. पावसाळा सरेल, वाट उघडेल, आणि तरीही पोर माझ्याकडे आली नाही तर?

शेवटी तिनं ठरवलं, सगळी पोळी जाळायची आणि वाट मोकळी करायची. चुडी बांधून ती पहाटेच इथं आली. बघते तर भिक्खूबाबा काठी टेकत येऊन या धोंड्यापाशी उभे.

ते म्हणाले, "बाई, लेण्याला दार नाही. वर आग दिसली की चवताळलेल्या माश्या आधी तिथंच शिरतील. पोर आत आहे."

राहीच्या हातातून चुडी गळल्या. "मग मी करू काय?"

"बस."

"मला बसायला जमायचं नाही बाबा. माझा स्वभावच आगीचा."

"असेल," भिक्खूबाबा म्हणाले. "आपण बघू. श्वास आत येतो, तो कळू दे. बाहेर जातो, तो कळू दे. राग आला तर तोही कळू दे. त्याच्यामागं धावू नको, त्याला हाकलूही नको."

राही बसली. पहिल्यांदा ती धोंड्याशी भांडली, उन्हाशी भांडली, भिक्खूबाबांशी तर फारच भांडली. श्वास कळायचा आणि लगेच निसटायचा. ती वैतागून उठायची, ओढ्यापर्यंत जायची आणि परत यायची. पण तिच्याइतकी हट्टी बाई पंचक्रोशीत नव्हती. बसायचं म्हटल्यावर बसली. केसांतला धूर धुऊन आली आणि रोज बसू लागली. भिक्खूबाबा थोडे अंतर ठेवून बसायचे. समोर लेण्याच्या तोंडाशी सई दिसायची. तीही बघत असायची, पण हाक मारायची नाही.

एके दुपारी सई खारीच्या मागं धावत लेण्याच्या कडेला आली. खाली सगळी दरी. राहीच्या गळ्यात किंकाळी आली. पण इतके दिवस श्वासापाशी बसून तिला बारीकसारीक कळायला लागलं होतं. तिला कळलं, किंकाळीच्या आधी राग येतो. रागाच्या आधी मूठ मिटते. आणि मूठ मारायला मिटत नाही, दोर धरायला मिटते. इतकी वर्षं तिचे हात तो सुटलेला दोर धरत होते.

सई आपोआप मागं सरली, खार पळाली. राही मात्र रडायला लागली. बाप गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असं सांगतात.

"बाबा, तो राग नव्हता हो," ती म्हणाली. "मी धरून ठेवत होते."

भिक्खूबाबांनी विचारलं, "आता त्या दोराला कोण आहे?"

राहीनं आपल्या मिटलेल्या मुठींकडे पाहिलं. "कुणी नाही," ती म्हणाली.

मग तिनं दोन्ही हात धोंड्यावर उताणे ठेवले आणि मुठी सोडायला लागली. बोटं आखडलेली, एकेक बोट उघडता उघडता दिवस कलला. तेच हे खळगे. पुढं म्हातारी होईपर्यंत ती रोज इथं तशीच बसायची, म्हणून धोंड्यानं तिच्या हातांना जागा करून दिली म्हणे. कुणी म्हणतं, पावसानं झिजलाय. पावसानंही झिजला असेल, मी कुठं नाही म्हणते? पण पाऊस सगळीकडेच पडतो.

दुसऱ्या दिवशी ढग भरून आले. आता थांबून चालणार नव्हतं. राही उठली, तळहात उघडे ठेवले आणि या वाटेवर चालू लागली. माश्या खाली आल्या. तिच्या केसांवर बसल्या, खांद्यांवर बसल्या, तळहातांवरच्या व्रणांवर चालल्या. तिला भीती वाटली नाही असं कुणी सांगत नाही. भीती वाटली, ती तिला कळली, आणि पाऊल पुढं पडलं.

ती अर्ध्यावर पोचली आणि लेण्यातून सई बाहेर आली. आई वाटेवर येताना दिसली तशी पोर धावत सुटली. वाट एवढीशी, पायांखालचे दगड दरीत जायला लागले. वर पोळ्यांवर लाटा उठू लागल्या. माश्या उठायच्या आधी अशाच लाटा उठतात, आम्हाला ठाऊक आहे. एक हाक गेली असती तर सगळं मोहोळ खाली आलं असतं आणि पोर दचकून दरीत गेली असती. राहीची मूठ मिटायला लागली. तिला कळलं. तिनं ती उघडली.

ती हळूच वाटेवर खाली बसली, उजवा हात उताणा करून पुढं धरला, आणि थांबली. बोलावलं नाही, ओढलं नाही, नुसती थांबली.

आई बसली हे बघून सईचे पाय आपोआप मंदावले. मग ती एकेक पाऊल टाकत आली. समोर उभी राहून आईच्या हाताकडे बघत राहिली. जन्मल्यापासून तिनं तो हात असा उघडा पाहिला नव्हता. तिनं व्रणावरून बोट फिरवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आये, हितं दुखतं का गं?"

"दुखतं," राही म्हणाली. "पण तू हात ठेव."

सईनं हात ठेवला. दोघी तशाच हात धरून परत आल्या, आणि एकाही माशीनं त्यांना डंख केला नाही. भिक्खूबाबा लेण्याच्या तोंडातून बघत होते. संध्याकाळी राहीनं लेण्यात जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही माझा स्वभाव बदललात. हे उपकार मी कसे फेडू?"

भिक्खूबाबा हसले. "मी काही बदललं नाही. तू वाटेवर खाली बसलीस ना, तो तुझा स्वभाव. तो होताच."

पण राहीचं मन तेवढ्यावर भरेना. परतताना ती या वाटेवर उभी राहिली आणि तिनं पोळ्यांकडे बघून हात जोडले. कारण माश्यांनी तिला अडवलं नसतं तर ती पहिल्याच दिवशी मुठी आवळून पोरीपर्यंत पोचली असती, आणि पोर कायमची गेली असती. ज्यांना आजवर जाळलं त्यांनीच आपलं लेकरू राखलं, हे तिला कळलं. धोंड्यापाशी येऊन तिनं ओंजळभर पाणी त्यांच्यासाठी ठेवलं. त्या दिवसापासून आमच्या वाडीनं पोळ्याला आग लावली नाही.

आजही लावत नाही. आजही आम्ही नुसता ओल्या पाल्याचा धूर करतो, मधाचा भाग तेवढा कापून घेतो आणि पिल्लांचा भाग कड्यावर राहू देतो. म्हणून इतक्या पिढ्या माश्या इथं आहेत, आणि माश्या आहेत म्हणून आम्ही आहोत. आजही उन्हाळ्यात राहीचे तळहात आम्ही कोरडे पडू देत नाही. ज्याची पाळी असेल तो घरच्या हंड्यातलं पाणी आधी इथं घालतो. आजही वाडीत बाळाचं बारसं असलं की नाव लगेच सांगत नाहीत. बाळाची मूठ मिटलेली असते. ती कुणी उघडायची नाही, बाळानं आपण होऊन उघडली की मगच कानात नाव सांगायचं. पाहुणे जेवायचे खोळंबतात, आचारी कुरकुरतो, पण आई आणि आजी पाळण्याशी बसून असतात. तुमच्याकडे म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्याकडे उघडणारीची किंमत जास्त. माझ्या नावासाठी माझी आई दिवे लागेपर्यंत बसली होती, असं मला सांगतात. आपल्यासाठी कुणीतरी इतका वेळ नुसतं बसून राहिलं होतं, हे आठवलं की मला या वयातही भरून येतं.

आणि स्वभावाला औषध नाही, ही म्हण आमच्या वाडीत कुणी काढत नाही. भांडणातसुद्धा नाही.

झालं. आता उठायचं. एकामागं एक, सावकाश, न बोलता. परत येताना धोंड्यापाशी क्षणभर थांबा आणि तुमच्यासाठी जो कुणी थांबला असेल त्याचं नाव मनात घ्या, तेवढंच आम्ही पाहुण्यांकडून मागतो.

दादा, किल्ली अजून मुठीतच आहे की तुमच्या. अहो, असू द्या, असू द्या, घाईनं टाकू नका. धरलीय हे आत्ता कळलं ना तुम्हाला? राहीचंही तिथूनच सुरू झालं होतं. चला.