ठिपका डोंगरापलीकडे गेला

कुणीतरी बाळ नेलं.
गुळाच्या खड्यासकट नेलं. डब्यात घालून नेलं. डब्यात वाकून बघितलंसुद्धा नाही.

बाळ होतं राई मुंगीचं. एवढंसं. नाव त्याचं ठिपका. सकाळच्या विमानात डबा चढला. डब्यात ठिपका. विमान गेलं डोंगरापलीकडे.

राई रडली. आभाळ राखेसारखं झालं होतं. माळावर दुसरं विमान उभं होतं, गप्प.

राई गेली विमानाकडे. तुरू तुरू, तुरू तुरू. मला डोंगरापलीकडे ने, म्हणाली.
विमान म्हणालं, "मी नाही उडत. पंख मला उचलत नाही."

राई गेली पंखाकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.
पंख उचलत नाही,
विमान उडत नाही,
ठिपका भेटत नाही.
पंख म्हणाला, "मी नाही उचलत. वारा मला रेटत नाही."

राई गेली वाऱ्याकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.
वारा रेटत नाही,
पंख उचलत नाही,
विमान उडत नाही,
ठिपका भेटत नाही.
वारा म्हणाला, "मी नाही रेटत. पंख माझ्यातून पळाला तर रेटीन. पण चाकच धावत नाही."

राई गेली चाकाकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.
चाक धावत नाही,
वारा रेटत नाही,
पंख उचलत नाही,
विमान उडत नाही,
ठिपका भेटत नाही.
चाक म्हणालं, "मी नाही धावत. नाकावरचा पंखा ओढत नाही."

राई गेली पंख्याकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.
पंखा ओढत नाही,
चाक धावत नाही,
वारा रेटत नाही,
पंख उचलत नाही,
विमान उडत नाही,
ठिपका भेटत नाही.
पंखा म्हणाला, "मी नाही ओढत. विमान चालवणारी जुईताई कळ दाबत नाही."

राई गेली जुईताईकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.
ताई दाबत नाही,
पंखा ओढत नाही,
चाक धावत नाही,
वारा रेटत नाही,
पंख उचलत नाही,
विमान उडत नाही,
ठिपका भेटत नाही.
जुईताई म्हणाली, "मी नाही दाबत. चाकापुढे ठोकळा आहे. विमानाची राखण करणारे केरूकाका तो काढत नाहीत."

राई गेली केरूकाकांकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.
काका काढत नाहीत,
ताई दाबत नाही,
पंखा ओढत नाही,
चाक धावत नाही,
वारा रेटत नाही,
पंख उचलत नाही,
विमान उडत नाही,
ठिपका भेटत नाही.
केरूकाका म्हणाले, "मी नाही काढत. हुकूम आला नाही."
कुणाचा हुकूम? ते काकांना ठाऊक नव्हतं.

आता पुढे कुणीच नव्हतं.
राई ठोकळ्यापाशी गेली. डोकं टेकवलं. ढकलू लागली. ठोकळा हलला नाही. पुन्हा ढकलला. हलला नाही. एक पाय मुरगळला. तरी ढकलत राहिली.

काका बघत होते. बराच वेळ बघत होते. मग मान खाली घालून उठले. राईला बोटावर घेतलं, विमानात ठेवलं. ठोकळ्याची दोरी ओढली.

ठोकळा निघाला, खर्र.
ताईने कळ दाबली, टक्.
पंखा ओढू लागला, घर्र घर्र.
चाक धावू लागलं, गड गड गड.
वारा आला समोरून, सूं सूं. पंखाच्या वरून गेला, पंखाच्या खालून गेला. पंखाने वाऱ्याला खाली लोटलं. वाऱ्याने पंखाला वर रेटलं.
पंखाने विमान उचललं.
विमान उडालं.

पंखा ओढत राहिला. वारा रेटत राहिला. म्हणून विमान पडलं नाही. डोंगर खालून मागे गेला.

पलीकडे विमान उतरलं. तिथे तो डबा होता, रिकामा. डब्याशी एक म्हातारा मुंगळा बसला होता. त्याच्या कुशीत ठिपका.
राईने हाक मारली.
मुंगळा म्हणाला, "हळू बोल, बाई. रडून रडून आत्ताच झोपलाय."