भरतीच्या वेळची सुईण

फार पूर्वी समुद्रकाठच्या वेलावती नगरात राजा सुकेतूचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व भद्रसेन या नावाने तिथे जन्मला आणि नावेतून लोकांचा माल वाहण्याचा धंदा करू लागला. बंदरात देशोदेशीचे खलाशी येत. त्यांचे देव वेगळे, भाषा वेगळ्या, जेवणाच्या खोडी तर विचारूच नका. एकमत होते ते एकाच गोष्टीवर: बाईने नावेत पाऊल ठेवायचे नाही. बायका ओहोटीला वाळूतून चालत खाडी ओलांडत.

एके दिवशी माल भरून नाव निघणार, तोच पलीकडच्या काठावरून हाकाटी आली की त्याच नावेच्या खलाशांचा म्होरक्या, तांडेल सीवक, याची बायको बाळंतपणात अडली आहे. सोणा नावाची म्हातारी सुईण गाठोडे घेऊन धक्क्यावर धावली. पण भरती होती, वाट पाण्याखाली गेलेली. सीवकाचे तोंड उतरले. तरी तोच म्हणाला, "रीत कशी मोडू, मावशी?"

बोधिसत्त्वाने विचारले, "ही रीत कशासाठी?"

पश्चिमेचा खलाशी म्हणाला, "आमच्याकडे बाई अपवित्र. दर्या कोपतो."

"छे छे!" पूर्वेचा म्हणाला. "आमच्याकडे बाई म्हणजे देवी. तिला आमच्या घामात बसवायची?"

नावेतला एक तपस्वी डोळे मिटून म्हणाला, "स्त्री म्हणजे मोह."

सोणाने त्याला खालवर न्याहाळले. "बाबा, तोंडात एक दात उरलाय माझ्या. जपून राहा हो."

बोधिसत्त्वाला हसू आवरेना. "कोणी तिला दाराबाहेर बसवले, कोणी देव्हाऱ्यात. तिला काय हवे, हे कोणी विचारले का? सोणाबाई, तुम्हाला काय हवे?"

"मला पलीकडे जायचंय. पोरगी तडफडतेय तिकडे."

मालाचे धनी ओरडले, "ही चढली तर आमचा माल उतरेल!"

बोधिसत्त्वाची वर्षाची कमाई त्या मालाच्या भाड्यावर होती. बोधिसत्त्व म्हणाला, "उतरवा." आणि हात देऊन त्याने सोणाला नावेत घेतले.

खलाशी काठावरच घुटमळत होते. सोणा कडाडली, "तुमच्यातले निम्मे पहिल्यांदा रडलात ते याच हातांत! तेव्हा नाही कोपला तो दर्या?" सीवकाने उडी मारून वल्हे धरले. मग बाकीचेही ओशाळे हसत चढले.

नाव सुखरूप पोहोचली. दिवस कलायच्या आत मुलगी झाली आणि असा टाहो फोडून रडली की काठावर खलाशी नाचू लागले. बाळाचे नाव काय ठेवणार, हे सर्वांत आधी तपस्व्याने विचारले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, सांगितली ती भिक्षू नंदिमित्रासाठी. भिक्षुणींनी सभेत मागे बसावे, असा त्याचा हट्ट होता. शास्ता म्हणाले, "तेव्हाची सोणा म्हणजे आज मागे बसवलेली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी धम्मपाली. तांडेल सीवक तू होतास आणि भद्रसेन मी."

नंदिमित्राने हळूच विचारले, "आणि ती मुलगी, भन्ते?"

"ती या जन्मी तुझी आई झाली."

नंदिमित्र उठला. आपले आसन उचलून त्याने पहिल्या रांगेत थेरीसाठी अंथरले. धम्मपाली म्हणाली, "दोन जन्म लावलेस बाबा," आणि बसली. सारी सभा आनंदाने हसली. या कथेतला गुण आहे समदृष्टी.