परत आणलेला मंत्र

“बुवा, घेतलेला मंत्र परत करता येतो का?”

भानुबुवा मठाच्या ओट्यावर पावटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला करायचाय?”

“मला.”

विचारणारे प्राध्यापक त्रिंबक आराध्ये. तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. अकरा वर्षांपूर्वी याच ओट्यावर बुवांनी त्यांच्या कानात मंत्र सांगितला होता, आणि तेव्हापासून एक दिवसही जप चुकला नव्हता. हे ते कुणी न विचारता सगळ्यांना सांगत.

“का रे, जड झाला?”

“तसं नाही...” त्रिंबकराव घुटमळले. मग पोटातलं ओठांवर आलं. “मी वर्गात उत्क्रांती शिकवतो. जीव कुणी एकदाच घडवून ठेवलेले नाहीत. पिल्लू आईबापांसारखं होतं, पण हुबेहूब होत नाही. कुठेतरी बारीकसा फरक पडतो. एखादा टिकतो, पुढे जातो. नुसतं शिकवत नाही बुवा, मला ते पटलंय.”

“बरं मग?”

“मग इथे डोळे मिटून बसतो तो मी कोण? मठातले म्हणतात, गळ्यात माळ आणि वर्गात माकड, दोन्ही चालायचं नाही. कॉलेजातले हसतात. लोकांचं सोडा, मलाच लबाडी वाटते. पहाटे उठून अनादि, अढळ असं काहीतरी जपायचं, आणि तासाला सांगायचं की न बदलणारं काही नसतंच.”

वडील गेले त्या वर्षी याच मंत्रानं त्यांना सावरलं होतं. तो सोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण माणूस हट्टी. खोटं वागायचं नाही म्हणजे नाही.

बुवांनी पावट्यांची सुपली बाजूला सारली, उपरणं सारखं केलं आणि उजवा कान पुढे केला.

“दे.”

“आत्ता?”

“कानातून दिला होता, कानातूनच घेतो.”

त्रिंबकरावांना वाटलं होतं, बुवा रागावतील, समजूत घालतील, निदान थांब म्हणतील. म्हातारा तर कान पुढे करून मोकळा! त्यांना फार वाईट वाटलं. तरी ते जवळ सरकले आणि हाताचा आडोसा करून मंत्र म्हणाले.

बुवांनी तो डोळे मिटून ऐकला.

“पुन्हा म्हण.”

त्यांनी पुन्हा म्हटला.

“हा माझा नाही.”

“म्हणजे?”

“मी दिला तो असा नव्हता. मधलं एक अक्षर गळलंय. शेवटचं लांबलंय.”

त्रिंबकराव पांढरेफटक पडले. “शक्य नाही. रोज एकशे आठ वेळा म्हणतो मी.”

“कुठे बसून?”

“पहाटे घरी बसतो. पण... उरलेला कॉलेजला जाताना. मोटारसायकलवर.”

“रस्ता कसा आहे?”

“खड्डे आहेत.”

“मग पडलं असेल अक्षर एखाद्या खड्ड्यात.”

बुवांना गंमत वाटत होती. त्रिंबकरावांना मात्र रडू यायचं बाकी होतं.

“म्हणजे अकरा वर्षांचा जप फुकट गेला?”

“वडील गेले तेव्हा कुठला म्हणत होतास?”

“हाच... असावा.”

“सावरलं का?”

“सावरलं.”

बुवा खुदकन हसले. “माझे गुरू उत्तरेतले बैरागी. त्यांच्या जिभेला ‘ळ’ वळत नसे, ‘ल’ म्हणायचे. मी कऱ्हाडकडचा. माझ्या तोंडी ‘ळ’ कधी आला, मला कळलंसुद्धा नाही. आणि त्यांच्या गुरूंना म्हणे एकही दात नव्हता!”



“मग बुवा... मूळ मंत्र कोणता?”

“मला काय ठाऊक? मी कुठे होतो तेव्हा?”

“आणि मी परत करायला आलो त्याचं काय?”

“माझा असता तर घेतला असता.”

या लबाडीच्या शंकेनं चार महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेल्यासारखं त्रिंबकरावांना वाटत होतं. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. कॉलेजची वेळ झाली म्हणून त्यांनी नमस्कार केला आणि ते उठू लागले.

बुवांनी त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा ओट्यावर बसवलं. स्वतः मात्र गुडघ्यावर हात टेकत खाली उतरले आणि पायरीवर, त्यांच्या पायांशी, हात जोडून बसले.

“अहो बुवा, हे काय करताय!”

“तो पुन्हा एकदा सांग. हळू सांग... मला पाठ करायचाय.”