राजवैद्याची दुसरी मुळी

पूर्वी वेत्रावती नगरावर महीसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व राजवैद्यांच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव सोमिल. त्यांच्या हाताला असा गुण होता की दारात त्यांची पावले वाजली तरी रोगी उठून बसे.

त्या राज्यात एक रीत होती. राजाला द्यायच्या प्रत्येक औषधाचा अर्धा वाटा वैद्याने आधी त्याच्यासमोर प्यायचा.

नदीकाठच्या कुरणांवरून शेजारच्या राज्याशी युद्ध पेटले आणि पहिल्याच महिन्यात राजा छातीत बाण लागून पडला. सोमिलांपाशी हिमवंतातल्या एका तपस्व्याने दिलेल्या दोन मुळ्या होत्या. एका मुळीत दोघांपुरतेच औषध होई. दुधात उकळली तर ती मरण आणि म्हातारपण टाळी. पाण्यात उगाळून दिली तर माणूस पुन्हा मर्त्य होई आणि टळलेले वय अंगावर येई. समोर रोगी तडफडत होता आणि वैद्याला त्यापलीकडचे काही दिसले नाही. त्यांनी एक मुळी उकळली, रीतीप्रमाणे अर्धे दूध स्वतः प्यायले आणि उरलेले राजाला पाजले. दोघेही अमर झाले. चूक झाली ती इथेच, आणि ती करताना त्यांना केवढा आनंद झाला होता!

त्यानंतर राजाला बाण लागला तर तो पायातल्या काट्यासारखा उपटून टाकी. मंत्र्यांनी तहाची गोष्ट काढली की हसून म्हणे, "घाई कसली?" त्याला खरेच घाई नव्हती. घाई होती ती इतरांना, आणि ते मरत होते. दोन महिन्यांत आटोपायचे युद्ध अठरा वर्षे चालले. राजाचे दोन्ही मुलगे त्यात गेले. गावोगाव नांगर धरायला बायकाच उरल्या.

सोमिल मात्र चाळिशीतच राहिले आणि त्यांची पत्नी कुवलया त्यांच्या डोळ्यांसमोर म्हातारी होत गेली. एकदा बाजारातून आल्यावर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "भाजीवाली विचारत होती, मुलगा काय करतो तुमचा? म्हटलं, वैद्य आहे, पण आईच्या गुडघ्यांकडे बघायला त्याला सवड नाही." सोमिलही हसले. पण त्या दिवशी त्यांना तिच्याबरोबर म्हातारे व्हावेसे वाटले.

मग कुवलयेला क्षयाने धरले. ती अंथरुणाला खिळली.

"अहो," ती म्हणाली, "ती दुसरी मुळी आहे ना? मला जगायचंय. तुमच्याजवळ राहायचंय अजून. यात काही वाईट आहे का?"

"नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी दूध चुलीवर चढवले. ती मुळी तिने मागावी, याची ते इतकी वर्षे वाट पाहत होते. ती आता त्यांना कधीच सोडून जाणार नव्हती.

तेवढ्यात बाहेर दवंडी आली: साठी उलटलेल्या पुरुषांनीही उद्या शस्त्र घेऊन निघावे. खिडकीतून सोमिलांना शेजारचा म्हातारा विणकर दिसला. तो ओट्यावर बसून धनुष्याला दोरी चढवू पाहत होता आणि ती काही केल्या चढत नव्हती. सोमिलांनी ओळखले, राजा अमर आहे तोवर हे थांबणार नाही. मग त्यांनी दूध खाली उतरवले आणि सहाण घेतली.

सहाणेवर मुळी घासल्याचा आवाज येताच कुवलयेला सगळे कळले. तिचा जन्म वैद्याच्या घरात गेला होता. ती रडली. "सगळ्या जगाची माणसं तुमची," ती म्हणाली, "मीच तेवढी परकी!" सोमिल पाणी घालून मुळी उगाळत राहिले. मग कुवलया भिंत धरून उठली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

"पाणी फार घालताय. औषध वाहून जाईल," ती म्हणाली, आणि आपल्या बोटांनी थेंब थेंब पाणी सोडू लागली.

छावणीत सोमिलांनी राजापासून काहीही लपवले नाही. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे अर्धे औषध प्यायले. राजाच्या देखत त्यांचे केस पांढरे झाले, पाठ वाकली.

"दुखलं का, वैद्यराज?" राजाने विचारले.

"नाही, महाराज. फक्त घरी जावंसं वाटतंय."

राजा खाली मान घालून बसला. "माझी दोन्ही पोरं गेली," तो म्हणाला. "ती जिथं गेली तिथं मला कधीच जाता येणार नाही, हे मी आजवर कुणाला बोललो नाही." त्याने वाटी उचलली आणि रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी एक बाण त्याच्या कानाला चाटून गेला. राजा घोड्यावरून उतरला तो पुन्हा चढलाच नाही. संध्याकाळपर्यंत तह झाला, आणि कुरणे दोन्ही राज्यांत वाटली गेली.

सोमिल घरी परतल्यावर कुवलया नऊ दिवस जगली. तिने त्यांच्या पांढऱ्या केसांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. पुढे बारा वर्षे ते लोकांवर उपचार करीत राहिले, आणि त्यातला एकही दिवस तिच्या आठवणीवाचून गेला नाही.

भिक्षूंच्या सभेत एवढे सांगून त्यांचे गुरू, भगवान शास्ते, म्हणाले, "तेव्हाचा महीसेन राजा म्हणजे दोन मुलांच्या शोकाने आज आपल्याकडे आलेला हा वृद्ध सार्थवाह, व्यापारी तांड्यांचा नायक. वैद्य मी होतो. आणि कुवलया म्हणजे ती, जिचा निरोपही न घेता मी या जन्मी घर सोडले."

मग एका भिक्षूने विचारले, "भन्ते, त्या जन्मी आपली दानपारमिता, दानाची साधना, पूर्ण झाली ना?"

"मी औषध उगाळले," शास्ते म्हणाले. "दान तिने केले. तिला जगायचे होते."